गळाला लागलेलं विज्ञान
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, मासे कसे पकडतेस ते सांग," अशी ग्रुपवर मागणी झाली. शाकाहारी मंडळींची आधीच माफी मागते.

आरेतून सायकली हाणत पवईला गेलो की तलावाकाठी गळ टाकून बसलेली माणसं दिसायची, आठवतंय? कणकेचा गोळा गळाला लावायचा आणि रोहू किंवा कटला येईपर्यंत गप्प बसायचं. माझे बाबा कोकणातले, ते याला 'गरवणं' म्हणायचे. मलाही एवढीच मासेमारी ठाऊक होती.

टोरांटोला गेल्यावर तीच अक्कल घेऊन ओंटारिओ सरोवराच्या काठावर लेक ट्राउटसाठी बसले. दोन उन्हाळे गेले, एक मासा नाही. या माशाला दहा अंशांच्या आसपासचं गार पाणी लागतं. बाईंनी शिकवलेलं पाण्याचं असंगत आचरण मी दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. 4 अंशांना पाणी सर्वांत जड, त्याच्या वर तापेल तसं हलकं. म्हणून उन्हाळ्यात कोमट पाणी वर तरंगतं आणि ट्राउट खाली तीस-चाळीस मीटरवर असतो. तो आपल्याकडे येत नाही, आपणच त्याच्याकडे जायचं.

त्यासाठी ट्रोलिंग. नाव ताशी तीनेक किलोमीटरने चालवत आमिष मागून ओढायचं. ते खोल न्यायला डाउनरिगर असतो: तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा, त्याला चिमटा, चिमट्यात आपला दोरा. मासा लागला की दोरा चिमट्यातून सुटतो. आमिष म्हणजे चमच्यासारखा चकचकीत पत्रा, त्याला स्पूनच म्हणतात. खाली सोडण्याआधी तो नावेशेजारी पाण्यात ओढून बघायचा. डुलला पाहिजे, गरगरला तर वेग जास्त आहे.

आता काठी आणि दोरा. बारीक दोरा, नाजूक काठी, म्हणजे खेळाची मजा जास्त, असं मला एका दुकानात सांगितलं. मी ऐकलं. ऑगस्टमध्ये मोठा मासा लागला. वीस मिनिटं त्याला दमवत वर आणला, फोटो काढला आणि सोडून दिला. तो पोट वर करून तरंगत राहिला. थंड पाण्यातल्या जिवाला मी दमवून बावीस अंशांच्या पाण्यात आणलं होतं. पवईला हा प्रश्नच नव्हता. लागलेला मासा कालवणात जायचा.

तेव्हापासून वीस पौंडांचा दोरा आणि दणकट काठी वापरते, म्हणजे मासा लवकर वर येतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकते, म्हणजे गळ पटकन निघतो. कडक उन्हाळ्यात सोडायचा खेळ करत नाही: नियमात बसणारा पहिला मासा घरी न्यायचा आणि दोरे गुंडाळायचे. या सरोवरातले मूळ ट्राउट बेसुमार मासेमारी आणि रक्तशोषक लॅम्प्रेमुळे 1950 च्या सुमारास संपले. आज आहेत ते बहुतांश पिल्लं वाढवून सोडलेले, आणि वयात यायला त्यांना सहा-सात वर्षं लागतात. माझ्या फोटोतला मासा त्याहून मोठाच असावा.

शिशाचा गोळा विमानातून आणायची हिंमत झाली नाही, पण दोन स्पून पर्समध्ये आहेत. काटे काढलेत. ज्यांना बघायचेत त्यांनी जेवणाच्या रांगेत मला गाठा.