सायकल आणि शाळकरी मूल
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



सायकलीच्या अपघाताचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे हमरस्ता आणि भरधाव ट्रक उभा राहतो. ते भय खोटे नाही. उसाच्या हंगामात, दिवेलागणीच्या वेळी, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांजवळून जाणारे विद्यार्थी आपण सारेच पाहतो. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते गाडीवाटेवर, कोणाचाही धक्का न लागता होणाऱ्या दुखापतींविषयी. कारण त्या पुष्कळदा प्रथम आपल्याच दृष्टीस पडतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा वडिलांची मोठी सायकल, नळीखालून पाय घालून चालवीत, शाळेस येताना पडला. वेग असा नव्हताच. हँडल वळले आणि त्याचे टोक पोटात रुतले. डाव्या बरगडीखाली रुपयाएवढा गोल वळ. बाकी खरचटलेही नव्हते. मी त्यास पाणी पाजून वर्गात बसविले! मधल्या सुट्टीत तो खेळावयास गेला नाही. तिसऱ्या प्रहरी पांढराफटक पडला व ओकू लागला. प्लीहा फाटून पोटात रक्तस्राव होत होता. मुलगा वाचला, माझी त्या सकाळची चूक मात्र मी विसरलो नाही.

हँडलची रबरी मूठ झिजून फाटली की आतील पोलादी नळी उघडी पडते. पडताना चाक आडवे होते, हँडलचे एक टोक जमिनीस टेकते व दुसरे मुलाच्या पोटावर येते. त्याचे सारे वजन त्या लहानशा वर्तुळावर पडते. यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, आतडे, काहीही दुखावते; आणि लक्षणे कित्येक तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही प्रकट होतात. म्हणून हँडल पोटात लागल्याचे मुलाने सांगताच, वळ दिसो वा न दिसो, त्यास खाण्यापिण्यास काही न देता रुग्णालयात न्यावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

दुसरी दुखापत मागे बसणाऱ्याची. काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून इयत्ता ८ वी ते १२ वीच्या मुलींना सायकली मिळाल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्यांची धाकटी भावंडे कॅरिअरवर बसून आपल्या शाळेत येतात, आणि लोंबणारी टाच चाकाच्या आऱ्यांत सापडते. अडकलेला पाय ओढू नये. आरे तोडून तो मोकळा करावा. जखम लहान दिसली तरी चेंगरलेली कातडी दोन-चार दिवसांनी मरते, तेव्हा हळद लावून घरी पाठविणे बरे नव्हे. मागील चाकास दोन्ही बाजूंनी जाळी व पाय ठेवण्यास आधार असल्याखेरीज लहान मुलास मागे बसवू नये, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे.

आमच्या शाळेत शनिवारी कवायतीनंतर सातवीची मुले सायकली तपासतात: ब्रेक, मागचा लाल परावर्तक आणि मुठी. मूठ नसेल तेथे जुन्या ट्यूबचा तुकडा टोकावरून घडी घालून घट्ट बांधतात. तो आठवडाभरात सुटतो. म्हणून पुढल्या शनिवारी पुन्हा पाहावा लागतो.