लांडग्याच्या मुलखात घ्यायची काळजी

घाटनांदूर, अंबाजोगाई, परळी हा सगळा बालाघाटाच्या पठाराचा भाग. मुरमाड माळ, गायराने, कुसळी गवत, ओढ्याकाठची बाभळीची झाडी आणि मधूनमधून ज्वारी-सोयाबीनची शेते असा हा मुलूख. लांडग्याला नेमका असाच मुलूख लागतो. वाघाप्रमाणे त्याला दाट जंगल लागत नाही. त्यामुळे जिथे माणूस जनावरे चारतो, तिथेच त्याचाही वावर असतो. निरोगी लांडगा माणसाची चाहूल लागताच वाट बदलतो. धोका असतो तो तीन ठिकाणी: उघड्यावर बसवलेला कळप, एकटे लहान मूल आणि पिसाळलेला लांडगा. या तिन्ही ठिकाणची खबरदारी वेगवेगळी आहे.

आधी ओळख पक्की हवी. पूर्ण वाढलेला लांडगा साधारण 18 ते 25 किलोंचा असतो. पाय लांब, अंग सडपातळ, डोळे पिवळसर. शेपटी खाली लोंबती असते. गावठी कुत्र्यासारखी ती पाठीवर वळत नाही. कोल्हा याच्यापेक्षा बराच लहान असतो. तरसाच्या अंगावर पट्टे असतात आणि पाठ मागे उतरती असते. लांडग्याची टोळी लहान असते आणि ती एका रात्रीत कितीतरी कोस चालते. शिकारीची मुख्य वेळ संध्याकाळपासून पहाटेपर्यंतची. काळवीट आणि ससा हे त्याचे नैसर्गिक भक्ष्य. ते कमी झाले की शेळ्या-मेंढ्यांवर भार येतो.

कळपाचे रक्षण वाड्यापासून सुरू होते. शेतात मेंढ्या बसवताना भोवती लावलेली वाघर, म्हणजे जाळी, ताणलेली हवी आणि तिच्या खुंट्या पक्क्या हव्यात. वाड्यात शिरण्याआधीच कळप बिथरवणे हा लांडग्याचा डाव असतो. मेंढ्या घाबरून एका बाजूला लोटतात, सैल जाळी तिथे आडवी होते आणि बाहेर पडलेले कोकरू टोळीच्या तोंडी जाते. एक लांडगा कुत्र्यांना एका बाजूला ओढतो आणि दुसरा उलट बाजूने येतो, हाही मेंढपाळांचा नेहमीचा अनुभव. म्हणून सगळी कुत्री एकाच अंगाला बांधू नयेत. कोकरे आणि करडे मधोमध, शक्य तर झाकलेल्या डालीत ठेवावीत. रात्री राखणीला दोघे असावेत आणि त्यांनी आळीपाळीने जागे राहावे. आखाड्यावरच्या शेळ्या भिंत, दार आणि वर छप्पर असलेल्या गोठ्यात कोंडाव्यात. दिवसा चारताना मागे राहिलेले, लंगडणारे किंवा व्यायला झालेले जनावर नजरेआड होऊ देऊ नये.

माळावर लांडगा समोर आला तर पळू नये. पाठ दाखवून धावणाऱ्यामागे लागणे हा शिकारी जनावराचा स्वभावच आहे. ताठ उभे राहावे, लहान मुलाला उचलून घ्यावे, काठी वर करून मोठ्याने हाळी द्यावी आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावे. खाली वाकू नये, बसू नये. अंगावर आलाच तर घोंगडी किंवा उपरणे हाताला गुंडाळून तो हात पुढे करावा आणि मान व चेहरा वाचवावा. रात्री जागलीला जाताना बॅटरी, काठी आणि सोबत असावी.

लांडग्यांचा मिलनाचा काळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर असतो आणि सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले होतात. थंडीच्या दिवसांत ओढ्याच्या काठी किंवा खडकाच्या कपारीत बिळात पिल्ले असू शकतात. तिथे मोठा लांडगा दूर न जाता घिरट्या घालू लागला, तर आलेल्या वाटेनेच परत फिरावे. पिल्ले उचलून आणू नयेत आणि बिळात धूर करू नये.

याच महिन्यांत बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. गावात म्हातारी माणसे आणि मुले उरतात. फडावर गेलेली लेकरे कोपीत झोपतात. लांडग्याने मुले उचलण्याच्या घटना महाराष्ट्रात विरळा असल्या, तरी उत्तर प्रदेशातल्या घटना बरेच शिकवतात. 1996 मध्ये जौनपूर, प्रतापगड, सुलतानपूर भागात आणि 2024 मध्ये बहराइच जिल्ह्यात बळी पडली ती मुख्यतः लहान मुलेच. अंगणात किंवा दार नसलेल्या घरात झोपलेल्या लेकरांना सर्वांत जास्त धोका होता. म्हणून मुले आत, मोठ्यांच्या मधे झोपवावीत. कोपीला ताटीचे दार असावे आणि ते बांधलेले असावे. दिवस मावळल्यावर मुलाला एकटे परसाकडे पाठवू नये. एकट्या लहान मुलावर शेळ्या सोपवू नयेत.

पिसाळलेला लांडगा वेगळाच वागतो. तो एकटा, भर दिवसा वस्तीत येतो; दिसेल त्या माणसाला, कुत्र्याला, जनावराला चावतो आणि काही न खाता पुढे जातो. चाल अडखळती असते आणि तोंडातून लाळ गळते. अशा वेळी पाठलागाला गर्दी करू नये. दारे लावून घ्यावीत, भोंग्यावरून गावाला सावध करावे आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. तो मेलेला आढळला तरी उघड्या हाताने शिवू नये.

चावा लागल्यावर पहिली पंधरा मिनिटे फार मोलाची. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सतत धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. या भागाला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळचे आहे. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. लसीचे सगळे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करावेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळपास अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते. चावलेली जनावरे पशुवैद्यकाला दाखवावीत. गावातल्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली, तर माणसे, जनावरे आणि लांडगे या तिघांचेही रक्षण होते.

शेळी-मेंढी मारली गेली तर शासनाकडून भरपाई मिळते. त्यासाठी 48 तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपाल यांना कळवावे, मेलेले जनावर जागेवरून हलवू नये, फोटो काढून ठेवावेत आणि पंचनामा करून घ्यावा. मेलेल्या जनावरात विष घालणे हा उपाय नव्हे. त्याने राखणीची कुत्री, घारी आणि गिधाडेही मरतात. लांडगा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. भारतात आता सुमारे तीन हजारच लांडगे उरले आहेत आणि माळाचा हा मोठा शिकारी टिकायला हवा. पक्का वाडा, बंद दार, लस टोचलेले कुत्रे आणि वेळेवर दिलेली खबर यांनी माणूस, कळप आणि लांडगा तिघेही सुरक्षित राहतात. थंडी सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत या चारही गोष्टींचा आढावा प्रत्येक गावाने घ्यावा.