इंजिनाचा उच्छ्वास



ही बरणी मोरांब्याची आहे, पण आत मोरांबा नाही. पहिल्या रांगेपासून मागे फिरवा. झाकण तेवढं उघडू नका, पेट्रोलचा भपकारा येईल. दुधाळ चहासारखं जे दिसतंय, ते एका टर्बो पेट्रोल गाडीच्या ऑइल कॅच कॅनमधून काढलंय. गाडीत काही बिघाड नाही. मग हे आलं कुठून?

पिस्टनच्या रिंगा कितीही चोख असल्या, तरी पेट्रोल पेटतं त्या क्षणी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. पुस्तकात त्याला ब्लो-बाय म्हणतात, गॅरेजात ‘बॅक कॉम्प्रेशन’. या वायूबरोबर तेलाचे बारीक कण, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. पाणी कसलं, असं विचाराल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं! बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. थोडी वाफ खाली उतरते, थंड होते, तेलात घुसळली जाते आणि हा चहा होतो.

या वायूला वाट दिली नाही, तर चेंबरमधला दाब ऑइल सील बाहेर ढकलतो. पूर्वी एक नळी सरळ रस्त्याकडे सोडलेली असे, सगळं हवेत. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागे मोटारी आहेत हे रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिलं आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात हा उच्छ्वास परत इंजिनातच सोडायची सोय गाड्यांत आली.

साध्या इंजिनात हे सोपं आहे. मॅनिफोल्ड सतत हवा ओढत असतं, तेच हा वायूही ओढून घेतं. टर्बोने इथेच घोळ घातला. ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डमध्ये ओढ राहत नाही, उलट दाब येतो. तो दाब चेंबरमध्ये शिरू नये म्हणून तिथला व्हॉल्व्ह मिटतो. मग वायू दुसरी वाट धरतो: ब्रीदर पाइपमधून एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधे. म्हणजे तेलाचे कण मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणाऱ्या टर्बोतून इंटरकूलरमध्ये जातात. तिथे तेलाचा थर बसला की हवा नीट थंड होत नाही. तेल सिलिंडरमध्ये पोचलं तर इंजिन नॉकिंग करू लागतं, मग कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो आणि जोर कमी पडतो. त्यात डायरेक्ट इंजेक्शन असेल तर पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला शिवतही नाही. व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यांच्यावर काजळी चढत राहते. ती काढायला अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. हसू नका, खरंच मारतात.

आता कॅन. स्वयंपाकघरातली चिमणी आठवा: वाफ आडव्या पट्ट्यांवर आपटते, वळते आणि फोडणीचं तेल खालच्या वाटीत जमतं. कॅच कॅन हेच करतो. अरुंद नळीतून प्रशस्त डब्यात आल्यावर हवा मंदावते, पडद्याला अडून वळते. जड थेंबांना तितक्या चपळाईने वळता येत नाही. उरलेले बारीक कण जाळीवर एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तळाशी गळतात. एका विद्यार्थ्याचा निळा, चकचकीत कॅन मी करवतीने कापला होता. आत पडदा नाही, जाळी नाही, नुसता डबा. यावर भांड्यांची तारेची घासणी आत कोंबायचा उपाय सांगणारे भेटतील. ऐकू नका. तिची एक तार सुटली तर थेट टर्बोच्या पात्यांत.

शर्यतीत प्रश्न वेगळा आहे. ट्रॅकवर तेल सांडलं तर मागचा घसरतो. म्हणून इंजिनाचा ब्रीदर उघडा सोडलेला असेल तर २००० सीसीपर्यंत २ लिटरचा आणि त्यावर ३ लिटरचा डबा, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे.

तुम्हाला कॅच कॅन हवा का? रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला माझ्या मते नको. कंपनीने टॅपेट कव्हरमध्ये किंवा इंजिनाजवळ तेल वेगळं करायची सोय दिलेली असते. तुम्ही ऑइल वेळेवर बदला. शिवाय असले बदल केले की वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच. इंजिनाची ताकद वाढवून घेतली असेल, गाडी दामटत असाल, तर लावा. पण वाटा दोन आहेत हे लक्षात ठेवा. एकाच वाटेवर डबा बसवला तर दुसरी मोकळीच राहते. आणि डब्याची नळी हवेत सोडू नका, नाहीतर आपण पुन्हा जुन्या लॉस एंजेलिसमध्ये. डबा भराभर भरायला लागला तर त्याचं कौतुक नको, रिंगा तपासून घ्या.

बरणी मागच्या रांगेपर्यंत पोचलेली दिसते. आता पुढे पाठवा. हे गटारात ओतायचं नाही, गॅरेजातल्या वापरलेल्या तेलाच्या पिंपात टाकायचं आहे.