पाचामुखी परमेश्वर, पण केव्हा?



'पाच मिनिटं काहीही बोल' असं मला सांगितलंय, म्हणून एका लॅटिन वचनावर बोलते. घाबरू नका, त्याचा अर्थ आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. 'व्हॉक्स पॉप्युली, व्हॉक्स देई', म्हणजे जनतेचा आवाज तोच देवाचा आवाज. आपल्याकडे यालाच 'पाचामुखी परमेश्वर' म्हणतात.

गंमत अशी, की आज अभिमानाने वापरल्या जाणाऱ्या या वचनाचा एक प्रसिद्ध जुना उल्लेख त्याच्या विरोधातला आहे. इ. स. ७९८ च्या सुमारास आल्क्विन या विद्वानाने शार्लमेन राजाला पत्रातून बजावलं, की असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, गर्दीचा गोंगाट वेडेपणाच्या जवळ जाणारा असतो. पुढे १३२७ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डला गादीवरून उतरवलं, तेव्हा कँटरबरीच्या आर्चबिशपनी हेच वचन प्रवचनाला घेतलं. एकाला त्यात धोका दिसला, दुसऱ्याला राजा बदलायला आधार मिळाला. मग खरं काय मानायचं?

मला उत्तर सापडलं ते एका बैलापाशी. फ्रान्सिस गॅल्टन यांनी १९०७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. त्याचं नावच 'व्हॉक्स पॉप्युली'. प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एक स्पर्धा होती. समोरचा बैल कापून साफ केल्यावर मांस किती भरेल, याचा अंदाज तिकिटावर लिहून द्यायचा. गॅल्टननी वाचता येणारी ७८७ तिकिटं चढत्या क्रमाने लावली. अगदी मधला अंदाज निघाला १२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन भरलं ११९८ पौंड. चूक एक टक्क्याहूनही कमी!

पण ते घडलं कसं, हे पाहा. तिकिटाला सहा पेनी पडत होते, त्यामुळे थट्टा म्हणून कुणी काही खरडलं नाही. अंदाज लावणाऱ्यांत खाटीक होते, शेतकरी होते, म्हणजे बैल ओळखणारी माणसं होती. आणि तिथे कुणी भाषण ठोकून मतं फिरवली नाहीत. प्रत्येकाने आपापलं तिकीट भरलं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना प्रत्येकजण आकड्याचं पत्तं पालथं ठेवतो, मग सगळे एकदम उलटतात. याला प्लॅनिंग पोकर म्हणतात. साहेब आधी 'तीन दिवस' म्हणाले, की नवख्या मुलीच्या मनातले आठ दिवस मनातच राहतात. आणि बरेचदा तेच आठ खरे असतात.

आता मूळ मुद्दा. शाळेला आपल्या बॅचतर्फे काय द्यायचं, यावर ग्रुपवर पहिला निरोप आला, 'प्रवेशद्वाराला कमान'. पाठोपाठ अंगठ्यांची रांग लागली आणि 'सर्वानुमते ठरलं' असं जाहीर झालं. कमान चांगलीच दिसेल. पण ते अंगठे पाचामुखी परमेश्वर नव्हेत, तो एका मुखाचा प्रतिध्वनी आहे. आज इथे शिकवणाऱ्या बाई-सर त्या ग्रुपवर नाहीत. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी पुरतं का, प्रयोगशाळेत काय कमी आहे, हे त्यांना ठाऊक. आपल्यातला बैल ओळखणारा माणूस तोच!

म्हणून विनंती. मी कोऱ्या चिठ्ठ्या आणल्या आहेत. आधी शिक्षकांनी पाच मिनिटं शाळेची गरज सांगावी, मग जेवणापूर्वी प्रत्येकाने आपली चिठ्ठी लिहावी. नाव नको. कमान निघाली तर माझे पैसे सगळ्यांत आधी येतील.

फक्त शेजारच्याच्या चिठ्ठीत डोकावू नका. पर्यवेक्षक म्हणून आपले सर आजही मागच्या बाकापाशीच उभे आहेत!