दुरुस्ती करण्यापूर्वीं

घरच्या ज्ञानेश्वरींतील एक शब्द छापखान्याची चूक समजून मीं एकदां शाईनें खोडून टाकला. पुढें तोच शब्द दुसऱ्या आवृत्तींतही भेटला. जुन्या मराठींत तो रूढ होता. चूक माझ्या समजुतींत होती. खोडलेलें अक्षर मात्र आतां वाचतां येत नाहीं.

श्रोतेहो, हा मोह नवा नाहीं. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि पुढें शतकानुशतकें हातानें उतरली गेली. एका लेखकाची चूक पुढच्या प्रतींत उतरे. न कळलेल्या शब्दाच्या जागीं कोणी सोपा शब्द घाली. शके १५०६ मध्यें पैठणच्या एकनाथमहाराजांनीं हीं पाठांतरें शोधून ग्रंथ शुद्ध केला. ते स्वतः थोर कवि. एखादी ओवी अधिक डौलदार करणें त्यांना अवघड नव्हतें. तरी अखेरीस त्यांनीं बजावलें तें हेंच, कीं या ग्रंथांत कोणी आपली ओवी घालूं नये. मात्र कोठें काय बदललें, याची नोंद ठेवण्याची त्या काळीं रीत नव्हती. म्हणून मूळ पाठाविषयींचा वाद विद्वानांत राहिलाच.

ही उणीव पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारतापुरती भरून काढली. चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ मध्यें सुरू झालें. १९२५ पासून १९४३ मध्यें निधन होईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं त्याची धुरा वाहिली, आणि १९६६ मध्यें संहिता पुरी झाली. तींत स्वीकारलेला पाठ वर आणि निरनिराळ्या प्रतींतील पाठभेद खालीं, अशी मांडणी आहे. व्यासांनीं सांगितलें व गणपतीनें लिहिलें, ही कथा आपल्याला लहानपणापासून प्रिय. परंतु प्रतींचा पुरावा तिच्या बाजूनें नव्हता, म्हणून आदिपर्वाच्या संहितेंत तिला स्थान मिळालें नाहीं. तरी संपादकांनीं ती टाकून दिली नाहीं, परिशिष्टांत छापली. आपला निर्णय तपासण्याचें साधन त्यांनीं वाचकाच्याच हातीं ठेवलें.

घरच्या वाचकानेंही एवढें पथ्य पाळावें. चूक वाटली, तर अक्षर खोडूं नये. समासांत पेन्सिलीनें आपला पाठ लिहावा. दुरुस्ती बरोबर असेल, तर पुढच्याला ती पटेल. चुकीची असेल, तर मूळ अक्षर त्याच्यापुढें शाबूत राहील.