अग्नीची साक्ष आणि कागदाची साक्ष



घरातला कर्ता पुरुष जातो. तेरावा उरकतो आणि त्याची विधवा भविष्य निर्वाह निधीच्या रकमेसाठी कार्यालयाची पायरी चढते. तिथे तिला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘तुम्ही त्यांच्या पत्नी आहात, याला पुरावा काय?’ चाळीस वर्षे संसार केलेल्या स्त्रीला हा प्रश्न जिव्हारी लागतो. तरीही वारसाहक्काच्या अनेक दाव्यांचे मूळ याच प्रश्नात असते.

हिंदू परंपरेत विवाह हा संस्कार मानला गेला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही त्याचे हे स्वरूप राखले. वधू किंवा वर यांच्याकडील रूढ विधींनी विवाह व्हावा, त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो, असे कलम ७ सांगते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका वैमानिक जोडप्याचे प्रकरण आले. विधी न करताच त्यांनी प्रमाणपत्र मिळवून नोंदणी केली होती. विधीच झाला नसेल, तर केवळ कागदाने हिंदू विवाह होत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. विशेष विवाह कायद्याखालील नोंदणी विवाहाची वाट अर्थातच वेगळी आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. विवाह यथाविधी झाला असेल, तर केवळ नोंदणी नाही म्हणून तो अवैध ठरत नाही. मात्र वाद उभा राहिला की तो सिद्ध करावा लागतो. तोवर लग्न लावणारे गुरुजी आणि अक्षता टाकणारी वडीलधारी मंडळी काळाच्या पडद्याआड गेलेली असतात. ही अडचण ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली, सुमारे पन्नास वर्षे पती-पत्नी म्हणून राहिलेल्यांचा विवाह झालाच होता, असे गृहीत धरले. परंतु अशा गृहीतकाचा आधार मिळवण्यासाठीही न्यायालयात जावे लागते.

पहिली पत्नी हयात असताना केलेले दुसरे लग्न १९५५ च्या कायद्याने शून्य ठरते. मुंबई प्रांताने तर द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्येच केला होता. मग त्या संबंधातून जन्मलेल्या मुलांचे काय? बापाच्या अपराधाची शिक्षा लेकरांना देणे कोणत्या धर्मात बसते? १९७६ च्या दुरुस्तीने ही मुले औरस मानली गेली. आई-वडिलांच्या मालमत्तेत त्यांना हक्क आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वडिलांच्या वाट्याला जे आले असते, त्यातही तो आहे, हे सप्टेंबर २०२३ च्या निकालाने स्पष्ट झाले.

कोळसा खाणीतील एका कामगाराच्या प्रकरणात २००८ साली हेच तत्त्व दिसले. त्याने नामनिर्देशन दुसऱ्या स्त्रीच्या नावे केले होते. तिला त्याच्यापासून चार मुले होती. सर्वोच्च न्यायालयाने वारसा प्रमाणपत्र तिलाच दिले; पण रकमेचे पाच वाटे केले. चार मुलांना चार आणि पहिल्या, कायदेशीर पत्नीला एक. प्रमाणपत्र जिच्या हाती आले, तिला स्वतःला वाटा नव्हता. नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे, हे विमा पॉलिसीच्या संदर्भात १९८३ सालीच ठरले होते.

लग्नात मांडव, वाजंत्री आणि पंगती यांवर लाखो रुपये खर्च होतात, पण नोंदणीचा अर्ज मात्र राहून जातो. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे आणि सर्व राज्यांनी नोंदणी सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. नोंदणी उशिराही करता येते. तेव्हा प्रत्येक घरात विवाहाचा दाखला आहे का, नामनिर्देशन अद्ययावत आहे का आणि मृत्युपत्र झाले आहे का, हे ज्येष्ठांच्या हयातीतच पाहिले जावे. अग्नीसमोर दिलेले वचन पाळणे हा पतीचा धर्म आहे. आपल्या पश्चात पत्नीला ते वचन साक्षीदार शोधून सिद्ध करावे लागू नये, एवढी तजवीज करून ठेवणे हाही त्याच धर्माचा भाग आहे.