आमच्या कॉम्प्युटर-वर्गाचे एक वर्ष
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे, नाहीतर मी चार माणसांत बोलणारी नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडे होती, तेव्हा दप्तर सुटले ते सुटलेच. वर्गाचा जमाखर्च चिटणीसबाई वाचून दाखवतीलच. मी वर्ष कसे गेले तेवढे सांगते. बोलण्यात चुकले-माकले तर पोटात घाला.

२०२५ च्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी वाण काय लुटावे याची चर्चा चालली होती. त्यात कोणीतरी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची गोष्ट काढली. तिथे ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा निघाली. साठी-सत्तरीच्या आजी गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून, अक्षर शिकायला बसल्या. मग आपण चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनी कॉम्प्युटरला का भ्यावे, असा विषय निघाला आणि डब्यांचे वाण तिथेच राहिले.

यापूर्वी सरकारची खेड्यांसाठी डिजिटल साक्षरतेची योजना होती. २०१७ साली सुरू झाली आणि मार्च २०२४ ला संपली. वीस तासांचे शिक्षण, पण घरटी एकालाच. आपल्या बऱ्याच सभासद आसपासच्या गावांतल्या आहेत. त्यांना विचारा, घरातून नाव कोणाचे लागले? मुलाचे. त्यात मुलाचा काही दोष नाही, आपणच त्याचे नाव पुढे केले.

एका सभासदाच्या दिरांच्या कचेरीत नवी यंत्रे आली, त्यातली जुनी दोन आपल्याला मिळाली. शिकवायला कॉलेजातल्या दोन मुली आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना आम्ही सगळ्या भाऊ म्हणतो. पगार कोणालाच नाही. चहा आणि कधी पोह्याचा पापड, एवढीच बिदागी.

पहिल्या दिवशी आम्ही यंत्राच्या चार हात लांब बसलो. मोडले तर भरून कोण देणार! माउस टेबलावर सरकवायचा तर एक वहिनी तो उचलून पडद्यालाच टेकवू लागल्या. हसू नका, त्या आज आपले भिशीचे हिशेब त्याच यंत्रावर ठेवतात. भाऊंनी पहिल्याच आठवड्यात भिंतीवर कागद चिकटविला : 'शिकवणाऱ्याने हात लावू नये.' म्हणजे तोंडाने सांगायचे, करायचे मात्र शिकणारीने. आम्हाला तो नियम फार जाचक वाटे. 'भाऊ, तुम्हीच दाबा ना एकदा,' म्हटले की ते हात पाठीमागे बांधून उभे राहत.

मराठी अक्षरे काढायला आम्ही इनस्क्रिप्ट नावाची मांडणी शिकलो. सरकारने ती १९९१ साली आपल्या देशी भाषांसाठी प्रमाण ठरविली. तिच्यात डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. लच्या पाठीमागे ळ लपलेला, सच्या पाठीमागे श. शिफ्टची कळ धरली की ते बाहेर येतात. माझा पहिला शब्द 'पेण'. त्यातला ण मच्या पाठीमागे दडलेला आहे हे सापडेपर्यंत माझी दुपार गेली. रोह्याच्या भगिनी म्हणतात, आमच्या 'रोहा'ला शिफ्ट लागतच नाही, तेव्हा आमचा गाव अधिक सरळ! बरे, असो.

पावसाळ्यात वीज जाई आणि वर्ग बसून राही. त्यात गणपतीचे दिवस आले. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आपल्या पेणेत त्याआधीचे महिने कसे असतात ते मी काय सांगू? निम्म्या बायका कारखान्यांत रंगकामाला, कोणी आखणीला, कोणी सोनेरी लावायला. वर्गाला आम्ही तिघी. त्यातच एका मुलीला पनवेलला नोकरी लागली आणि दुसरी परीक्षेच्या मागे लागली. वर्ग बंद करावा असे कमिटीत बोलणे झाले. मीही बंद करण्याच्या बाजूने हात वर केला होता, हे प्रांजळपणे सांगते.

पण सप्टेंबरात लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीचा हुकूम निघाला आणि चित्र पालटले. आधी १८ नोव्हेंबरची मुदत, मागाहून ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. महिन्याचे दीड हजार रुपये कोणाला नको आहेत? ज्यांनी वर्गाकडे कधी ढुंकून पाहिले नव्हते त्या दारात ओळ लावून उभ्या राहिल्या. आपला आधार क्रमांक घालायचा, मोबाइलवर ओटीपीचा आकडा येतो तो भरायचा, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्यांचा आकडा. ज्यांच्या मागे दोघेही नाहीत त्या विधवा बहिणींनी काय करावे हे आरंभी कोणालाच सांगता येईना. संकेतस्थळ मध्येच अडे आणि आकड्याची वेळ टळून जाई.

आता माझी चूक सांगते. त्यासाठीच मी बोलायचे कबूल केले.

त्या दिवशी भाऊ आजारी होते. मी एकटी, आणि बाहेर वीस-पंचवीस जणी. एकेकीला शिकवीत बसले असते तर संध्याकाळपर्यंत चार झाल्या नसत्या. मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले आणि पाठ फिरविली. म्हटले, 'मोबाइल इकडे द्या, आकडा आला की मला मोठ्याने सांगा.' भराभर कामे झाली. बायकांनी मला आशीर्वाद दिले. घरी गेले ती अगदी फुशारून.

पंधरा दिवसांनी आपल्या ओळीतल्या एक काकू रडत आल्या. त्यांना फोन आला होता. माणूस शुद्ध मराठीत बोलला : तुमचे केवायसी अर्धवट राहिले आहे, हप्ता थांबेल, बँकेच्या कार्डावरचे आकडे सांगा आणि आता मोबाइलवर जो येईल तोही सांगा. काकूंनी सांगितले. पापडाचे साठविलेले सहा हजार दोनशे रुपये गेले. मी रागावून म्हटले, 'काकू, आकडा कोणाला सांगायचा नसतो, हे ठाऊक नाही का?' त्या म्हणाल्या, 'अगं, तूच नाही का मला मोठ्याने सांगायला लावलास?'

यावर मी काय उत्तर देणार? त्यांना चोराने एकदा विचारले, पण सांगायची सवय मी लावली होती.

सायबर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. त्यावर फोन केला, बँकेत आणि पोलिसांकडे अर्ज दिले. पण काकूंनी भीतीने दोन दिवस कोणाला सांगितलेच नव्हते, आणि अशा बाबतीत पहिले काही तास महत्त्वाचे. पैसे आजतागायत आलेले नाहीत. मी माझ्या शिलकीतून देऊ केले, ते काकूंनी घेतले नाहीत. म्हणाल्या, 'पैसे नकोत, मला ते यंत्र शिकव.' गेले तीन महिने त्या येतात. डोळ्याला कमी दिसते म्हणून भाऊंनी पडद्यावरची अक्षरे मोठी करून दिली आहेत.

यानंतर वर्ग बंद करण्याचे बोलणे कोणी काढले नाही. उलट रोह्याच्या मंडळाने निरोप धाडला की आमच्याकडेही असेच फोन येतात, तुम्ही या. भाऊंना प्रवास झेपत नाही. मग जायचे कोणी? सातवी शिकलेल्या बाईने दुसऱ्या गावच्या बायकांना कॉम्प्युटर शिकवावा, हे मला ऐकायलाही विचित्र वाटले. घरातून विरोध झाला नाही, पण 'जेवणाचे काय?' हा प्रश्न झाला. गुरुवारी सकाळीच भाजी करून ठेवते. कासू, नागोठणे, निडी करीत गाडी रोह्याला पोहोचते. वाटेत मी वही काढून धडा घोकते. पहिल्या दिवशी तिथेही कागद चिकटविला आणि माझ्या चुकीची गोष्ट आधी सांगितली. ती ऐकल्यावर तिथल्या दोघी उठून म्हणाल्या, आमचेही पैसे असेच गेले, घरी अजून बोललो नाही.

यंत्रांचेही थोडे सांगते. दोन्हींवर विंडोज दहा होते. त्याची मोफत देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबविली. नवे विंडोज या जुन्या यंत्रांना चालत नाही. पनवेलची आपली मुलगी सुट्टीच्या दिवशी आली आणि तिने दोन्हींवर उबंटू नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली. चित्रे निराळी दिसतात म्हणून आठ दिवस कुरकुर झाली. आता सरावले आहे.

रोह्यात अजून एकच यंत्र आहे, तेही मागून आणलेले, आणि त्याचा कीबोर्ड अर्धा बसला आहे. त्यातली शिफ्टची कळ तर दाबताच येत नाही, तेव्हा त्यांना अजून 'पेण' लिहिता आलेले नाही. कोणाच्या घरी जुना कीबोर्ड पडला असेल तर बुधवारपर्यंत मजकडे द्यावा. गुरुवारच्या गाडीने मी घेऊन जाईन.